नुसतं असण्याचे पैसे

वहीच्या पानावर २८,८०० हा आकडा लिहून मी त्याखाली दोन रेघा मारल्या. चौघं जण, सहा रात्री, माणशी रात्रीला १,२०० रुपये. भूतानला जायचं तर भारतीयांना हे भरावेच लागतात. हॉटेल वेगळं, गाडी वेगळी, गाइड वेगळा, आणि पुण्याहून बागडोगऱ्यापर्यंतच्या विमानाचं तर विचारूच नका.

आई समोर लसूण सोलत बसली होती. चष्म्यावरून वहीत डोकावून म्हणाली, "हॉटेलचे यात धरलेस ना?"

"नाही, ते निराळे."

"मग हे कसले?"

"तिथे राहायचे. तिथल्या सरकारला द्यायचे. शाश्वत विकास शुल्क म्हणतात त्याला."

तिचे हात थांबले. "म्हणजे नुसतं असण्याचे पैसे?"

जूनमधली दुपार होती, कोथरूडच्या आमच्या गॅलरीत पहिल्या पावसाचा ओलावा अजून वाळला नव्हता. मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही. पण तो प्रश्न डोक्यातून गेलाही नाही. त्याचा माग काढत मी भूतानहून निघाले ती थेट आईच्या माहेरी जाऊन पोचले.

भूतानची ओढ आईची. तिचं वय ७४. कधीकाळी एका दिवाळी अंकात तिने वाचलं होतं, की त्या देशातलं सगळ्यात उंच शिखर, गांगखर पुएन्सुम, अजून कुणीही सर केलेलं नाही. उंची ७,५७० मीटर. सुरुवातीला काही मोहिमा गेल्या आणि हरून परतल्या. पण पुढे त्या देशानेच ठरवलं की शिखरं देवतांची आहेत, तिथे माणसाचं काम नाही. १९९४ पासून सहा हजार मीटरच्या वर चढायला बंदी आली आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद झालं. "एवढा मोठा डोंगर आणि लांबूनच हात जोडायचे," असं आई ज्यात्याला सांगते. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेली बाई आहे ती. लहानपणी डोंगरावर सरपणाला निघताना पायथ्याच्या दगडाला शेंदूर लावलेला असायचा, त्याच्या पाया पडूनच पुढे जायचं. अशा बाईला तो देश आपला वाटला यात नवल नाही.

घरात इतरांची स्वप्नं वेगळी होती. नवऱ्याला इटली बघायची होती, लेकीला जपान. म्हणून जूनमधले दोन रविवार आम्ही तिन्ही देशांचे हिशेब मांडले. मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यामुळे आकडेमोड माझ्याकडे.

व्हेनिसला एका दिवसापुरतं जायचं असेल, रात्रीचा मुक्काम नसेल, तर गर्दीच्या ठरावीक दिवशी शहरात शिरण्याचेच पैसे पडतात. २५ एप्रिल २०२४ ला हे सुरू झालं. तेव्हा पाच युरो होते, साधारण पाचशे रुपये. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, दुसऱ्या वर्षी ५४ झाले, आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्याला पाचाऐवजी दहा युरो. मुक्काम केला तर हे माफ, पण मग हॉटेलच्या बिलात पर्यटक कर असतो. ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. जपानमध्ये फुजी पर्वतावर चढायचं तर २०२४ मध्ये योशिदाच्या वाटेवर दोन हजार येन घ्यायला लागले, पुढच्या वर्षी चार हजार, तेही सगळ्याच वाटांवर. लेकीने फोनवर आणखी वाचून दाखवलं. बाली बेटावर उतरल्यावर दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठ-नऊशे रुपये. न्यूझीलंडने आपला पर्यटक कर तिथल्या ३५ डॉलरवरून एकदम १०० वर नेला. गॅलापागोस बेटांचा १०० चा २०० अमेरिकी डॉलर झाला. युरोपच्या व्हिसाचे ८० युरो होते ते ९० झाले.

मला वाईट वाटलं, आणि ते का वाटलं हे नीट सांगायला हवं.

माझे वडील सरकारी नोकरीत होते. दर चार वर्षांनी एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास सवलत, मिळायची, तेव्हा आम्ही पुणे स्टेशनवर होल्डॉल घेऊन उभे राहायचो. उटी, कन्याकुमारी, एकदा हरिद्वार. जेवणाचा डबा घरचा, मुक्काम धर्मशाळेत. वडील रोज रात्री खर्च लिहायचे, चहाच्या पैशांसकट. परदेश हा शब्द आमच्या घरात दुसऱ्यांसाठी होता. आमच्या पिढीत दोघांचे पगार झाले, घराचं कर्ज फिटलं, लेक मिळवती झाली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर कुठे पासपोर्टवर पहिला शिक्का पडायची वेळ आली. नेमक्या त्याच वेळी जगातली एकेक सुंदर जागा म्हणायला लागली, आता फार झाले, आता दाराशी पैसे ठेवा. ज्यांनी शंभर वर्षं फुकट बघून घेतलं त्यांच्यानंतर आमचा नंबर लागला, आणि आमच्याच वेळी दाराला तिकीट लागलं. भारतातल्या मध्यमवर्गीय माणसाला हे टोचणारच. टोचू नये असं मला आजही वाटत नाही.

लूव्ह्रच्या बातमीने तर ते अधिकच टोचलं. २०२६ च्या जानेवारीपासून पॅरिसच्या त्या संग्रहालयात युरोपीय माणसाला २२ युरो आणि आपल्यासारख्या बाहेरच्याला ३२. नवरा वैतागून म्हणाला, "हा सरळसरळ भेदभाव आहे." पण लेकीने शांतपणे ताजमहालाची आठवण करून दिली. तिथे आपल्याला ५० रुपये आणि परदेशी माणसाला ११००. हे वर्षानुवर्षं चालू आहे. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले आहे, शेजारच्या रांगेतल्या गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला बघून आपल्याला स्वस्त पडलं याचा आनंद मानला आहे. तो आनंद तेव्हा खरा होता, आणि आताचं दुखणंही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाचे.

अशा मनःस्थितीत जुलै उजाडला आणि मामांकडे जायचं निघालं.

आईचं माहेर पुण्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याकडे. गावाचं नाव मी लिहिणार नाही. ते लिहिलं तर हा लेख वाचून दहा गाड्या तरी वळतील, आणि त्या दहा गाड्यांचं पाप मला नको. गावामागे एक ओढा आहे, पावसाळ्यात तो कड्यावरून खाली पडतो. आईच्या लहानपणी त्याला नावही नव्हतं, नुसतं 'पडतं पाणी' म्हणायचे. आता त्याला इंग्रजी नाव मिळालंय. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे रील काढलं आणि तेव्हापासून दर शनिवारी-रविवारी अर्धं पुणं आणि उरलेलं पिंपरी-चिंचवड त्या चार हात रुंद रस्त्यावर असतं.

आम्ही गेलो तो रविवार होता. पौड सोडल्यावर पुढचे बारा किलोमीटर जायला आम्हाला अडीच तास लागले. गाडीत बसून मी हॉर्न ऐकत होते आणि त्या सगळ्यांवर चिडत होते. आई मागच्या सीटवरून हळूच म्हणाली, "आपणही त्यातच आहोत की." मी गप्प झाले.

घरी पोचलो तर मामी ओसरीत पाय धरून बसलेली. तळव्यात काच शिरली होती. लावणीचे दिवस, गुडघाभर चिखलात उभं राहून रोपं लावायची, आणि त्या चिखलात बाटली फोडून टाकलेली. खाचराच्या बांधावर बसून कुणीतरी पार्टी केली असणार. चिखलात काच दिसत नाही, पाय पडला की कळते. मामी म्हणाली, "या वर्षात हे तिसऱ्यांदा." ती तक्रारही करत नव्हती, नुसतं सांगत होती. आईने तिचा पाय मांडीवर घेतला, दिव्यासमोर धरला आणि चिमट्याने ती किरमिजी काच काढली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो.

मामांची दुसरी गोष्ट दुधाची. त्यांच्या चार म्हशी. संध्याकाळचं दूध घ्यायला टेम्पो येतो. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी टेम्पो खालच्या वळणावर अडकला तो साडेतीन तास. दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये कुणी गाडीतून उतरून नाचतंय. टेम्पो वर पोचला तेव्हा सगळ्या वाडीचं दूध उतरलं होतं. डेअरीने घेतलं नाही, आणि घ्यावं असं मामांचं म्हणणंही नव्हतं. "नासलेलं दूध त्यांनी का म्हून घ्यावं?" एवढंच म्हणाले. एका संध्याकाळचा वाडीचा रोजगार ओढ्यात ओतला गेला.

"पूर्वी पाव्हणा यायचा," मामा म्हणाले, "आता पब्लिक येतं."

पाव्हण्याला गूळपाणी दिलं जायचं हे मला आठवतं. अनोळखी ट्रेकर पोरंसुद्धा आजीच्या ओसरीवर भाकरी खाऊन जायची, आणि पैसे काढले की आजी रागावायची. पण आजीच्या ओसरीवर वर्षाला वीस पोरं यायची. त्या आदरातिथ्याची मापं वीस माणसांची होती. एका रविवारी काही हजार आली तर गूळपाणी कुणाकुणाला द्यायचं? आपण अजूनही तीच माया मागतो आणि ती मिळाली नाही की म्हणतो, गावं बिघडली.

हे मी म्हणत होते. माझ्याच मामेभावाबद्दल म्हणत होते. दोन वर्षांपूर्वी तो आपल्या पडीक तुकड्यात गाड्या लावून देऊन पन्नास रुपये घेताना मी पाहिला आणि मला लाज वाटली होती. आपल्या घरचा मुलगा रस्त्यावर उभा राहून लोकांकडून पैसे घेतो! त्या वेळी मी त्याला बोलले होते. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताई, सिटीत तुम्ही मॉलला गाडी लावता तेव्हा पैसे देता ना?" मी उत्तर दिलं नव्हतं. या वेळी, मामीच्या पायातली काच बघितल्यावर, मी त्याची माफी मागितली.

व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५० च्या सुमारास पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची. आता पन्नास हजारही उरलेली नाहीत. घरांची भाड्याची खोली झाली, किराणा दुकानाचं मुखवट्यांचं दुकान झालं. तिथल्या एका औषधांच्या दुकानाने खिडकीत आकडा लावून ठेवलाय, शहरात आज किती रहिवासी उरले त्याचा. बार्सिलोनात २०२४ च्या जुलैमध्ये मोर्चातल्या लोकांनी हॉटेलबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. तेव्हा बातमी वाचून मला ते उर्मट वाटलं होतं. जपानमधल्या फुजिकावागुचिको नावाच्या गावाने त्याच वर्षी मे महिन्यात रस्त्याच्या कडेला मोठा काळा पडदा उभारला. दुकानाच्या मागे फुजी दिसतो तो फोटो काढायला लोक रस्त्यात उभे राहत, कचरा टाकत, समोरच्या दवाखान्याच्या आवारात शिरत. गावाने आपलाच डोंगर झाकून घेतला. ओसरीत बसून मी पहिल्यांदा त्या पडद्याचा विचार गावाच्या बाजूने केला.

तिथे माणसं रोजची आहेत आणि आपण सुट्टीचे. त्यांच्या रोजच्या जगण्यावरून आपण चालत जातो, तर त्याची काही भरपाई द्यायला नको? आईच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे. हो, नुसतं असण्याचेच पैसे. कारण आपलं असणं नुसतं नसतं. ते कुणाच्या तरी रस्त्यात असतं, पाण्यात असतं, चिखलात असतं.

पण इथेच थांबले असते तर मी अर्धंच बोलले असते. पैसे घेतल्याने गर्दी आवरते का?

सिंहगड घ्या. माझे वडील रविवारी पहाटे आम्हाला आतकरवाडीच्या वाटेने वर न्यायचे. देवटाक्याचं गार पाणी, मडक्यातलं दही, चुलीवरचं पिठलं. परतताना दह्याचं मडकं घरी न्यायचा हट्ट असायचा. आज गाडीने वर जाताना नाक्यावर दुचाकीचे ५० आणि चारचाकीचे १०० रुपये घेतात. ते भरून रविवारी घाटात रांग लागतेच. शंभर रुपयांनी कुणीही मागे वळत नाही. पाचशे केले तर वळतील, पण मग कोण वळेल? धायरीहून तीन पोरं एका स्कूटरवर येतात, ती वळतील. पंचवीस लाखांच्या गाडीतून येणारा वळणार नाही, आणि जागा तर त्याचीच गाडी जास्त अडवते. २०२२ च्या मे महिन्यात तिथे एक चांगला प्रयोग झाला. खासगी गाड्या पायथ्याला थांबवून इलेक्ट्रिक बसने लोकांना वर न्यायचं. काही आठवड्यांतच तो गुंडाळला गेला. अडचणी होत्या, पण मला अजूनही वाटतं की विचार योग्य होता आणि त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता.

व्हेनिसमध्ये पाच युरो घेऊन लाखो युरो जमले. गर्दी ओसरली असं मात्र तिथले रहिवासी म्हणत नाहीत. पाच युरो देऊन माणूस उलट हक्काने येतो.

कास पठारावर आम्ही तीन-चार वर्षांपूर्वी गेलो होतो, सप्टेंबरमध्ये. तिथेही तिकीट आहे, पण तिकिटापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवसाला तीन हजार माणसं, बस. नोंदणी आधी करायची. व्यवस्था बघायला आसपासच्या गावांची समिती आहे. त्या गावांतली पोरं गाइड म्हणून बरोबर येतात आणि कुठे पाय द्यायचा, कुठे द्यायचा नाही हे सांगतात. सीतेची आसवं आणि गेंद ही फुलं इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहिली, आणि माझ्या मागे कुणाचा धक्का नव्हता. कासची आणखी एक गोष्ट मला फार शिकवून गेली. फुलं राखायची म्हणून पठाराला तारेचं कुंपण घातलं होतं. त्यामुळे माणसांबरोबर गुरंही थांबली. गुरं चरेनाशी झाली की गवत माजतं आणि फुलं मागे पडतात, असं तिथले लोक सांगत होते. शेवटी ते कुंपण काढलं. जागा राखणं म्हणजे ती बंद करणं नव्हे, हे ज्यांचे पाय तिथे रोज पडतात त्यांनाच आधी कळलं.

फुजीवर पैसे वाढवले त्याची बातमी झाली, पण २०२४ पासून योशिदाच्या वाटेवर दिवसाला चार हजारच माणसं सोडतात, याची तेवढी झाली नाही. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाने ७ मे २०२४ पासून गाड्यांना ई-पास लावला. त्या पासला पैसे पडत नाहीत. पुढे आकडाच ठरवून दिला, उटीला एरवी दिवसाला सहा हजार गाड्या आणि शनिवार-रविवारी आठ हजार. आणि आपलं माथेरान! दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते, नावापुरता कर घेतात, पुढे चालत, घोड्यावर, ई-रिक्षाने नाही तर मिनी ट्रेनने. म्हणून तिथल्या बऱ्याच वाटांवर अजून पायाखाली लाल माती आहे.

मला जे सांगायचंय ते इतकंच आहे. पैसे जरूर घ्या, आम्ही देऊ. पण ते पैसे जिथली माती तुडवली तिथे जाऊ द्या. गर्दी मात्र पैशाने आवरू नका, मोजून आवरा. पैशाने आवरलेली गर्दी म्हणजे गरिबांना वगळून उरलेली गर्दी. माझे वडील एलटीसीवर उटीला गेले, त्यांच्यासाठी दार उघडं राहिलं ते दर कमी होता म्हणून. तेव्हा मोजायची गरज नव्हती. आज आहे. तर मोजा, पण लिलाव करू नका.

भूतानचं मग काय, असं लेकीने विचारलं. त्यांनी तर पैशानेच दार लहान केलंय. बाकीच्या जगाला रोजचे २०० डॉलर होते ते २०२३ मध्ये १०० केले, आपल्याला १,२०० रुपये. खरं आहे. माझ्या म्हणण्याला भूतान पूर्ण बसत नाही, आणि मी ओढूनताणून बसवणारही नाही. एवढंच म्हणेन की साडेसात-आठ लाख वस्तीचा तो देश आहे, म्हणजे आपल्या एका पुण्याच्या कोपऱ्यात मावेल एवढा. खाली आपण १४० कोटी. त्यांनी भीती बाळगली तर ती समजण्यासारखी आहे. शुल्काचे पैसे तिथल्या मोफत शाळा आणि दवाखान्यांकडे जातात असं ते सरकार सांगतं. पण जलपैगुडीच्या चहामळ्यातला मजूर, ज्याला घरातून ते डोंगर दिसतात, तो आता आपल्या पोरांना घेऊन भूतानातल्या पारोला मुक्कामाला जाऊ शकत नाही. पूर्वी जाऊ शकत होता. हे मला सलतं, आणि सलत राहील.

लेकीने माझ्या मोजणीवरही बोट ठेवलं. "आई, ऑनलाइन नोंदणी म्हणजे ज्याचा फोन चांगला आणि ज्याला सकाळी दहाला बसून बुकिंग करता येतं त्याचं दार. आजीला जमेल का?" मला हे सुचलंच नव्हतं. याचं उत्तर मला मामेभावाने दिलं.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या ग्रामसभेत भांडणं झाली. एक बाजू म्हणे, धबधबा बंदच करा. १५ जून २०२५ चा रविवार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. आपल्याकडे असं झालं तर? दुसरी बाजू म्हणे, चार टपऱ्यांवर वीस घरं जगतात, बंद केलं तर ती काय खातील? तीन बैठकांनंतर जे ठरलं ते साधं होतं. गावात गाड्या लावायला दोनच पडीक तुकडे आहेत, बांध न मोडता त्यात मिळून ऐंशी गाड्या बसतात. म्हणजे ऐंशी गाड्या. माणशी वीस रुपये, गाडीचे पन्नास, पावती फाडून. ऐंशी झाल्या की गावाच्या वेशीवर दोरी ओढायची. एक गाडी बाहेर आली की एक आत. नोंदणी नाही, ॲप नाही, ओळख चालणार नाही. एसटीने येणाऱ्याला मात्र दोरी नाही. एसटी कधीही आत, आणि त्यातून उतरलेल्यांना गाडीचे पैसे नाहीत, फक्त वीस रुपये.

हे शेवटचं कलम कुणाचं, मी विचारलं. "मामीचं," मामेभाऊ म्हणाला. "ती म्हणाली, एसटीतून येणारा माणूस बाटल्यांची पेटी घेऊन येत नाही."

पैशांचं काय केलं तेही त्याने वही उघडून दाखवलं. बँकेतल्या माणसाच्या नजरेने मी ती वही बघितली. खाडाखोड होती, पण बेरीज बरोबर होती. बायकांसाठी दोन संडास बांधले. ओढ्याच्या वाटेला कठडा केला. सोमवारी सकाळी खाचरांतून आणि ओढ्यातून काचा वेचायला दोन माणसांना मजुरी. 'काचा वेचणे' असा खर्च मी तीस वर्षांत कुठल्या हिशेबात पाहिला नव्हता.

त्या रात्री घरी आल्यावर आई म्हणाली, "भूतानच्या सहा रात्री सहाच ठेव. कमी करू नकोस." एवढंच. मी दुसऱ्या दिवशी पैसे भरले.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा मामांकडे निघालो. सत्यनारायणाची पूजा होती. या वेळी लवकर निघायचं ठरवूनही उशीर झालाच, आणि वेशीवर पोचलो तेव्हा दोरी ओढलेली. जाड, निळी, नायलॉनची, एका टोकाला आंब्याच्या झाडाला बांधलेली. दोरीपाशी रेनकोट घातलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पावती पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत धरून उभा होता. तो आम्हाला ओळखत नव्हता.

नवऱ्याने काच खाली करून सांगितलं, "अरे, आमच्या मामांकडे पूजा आहे. या आजी इथल्याच."

मुलगा गोंधळला. आईकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्ही या ना. पण गाडीला जागाच न्हाई. एक बाहेर आली की सोडतो."

मला वाटलं नवरा आता मामेभावाला फोन लावणार. पण मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. आई खाली उतरली होती. छत्री उघडली, नारळाची आणि पेढ्यांची पिशवी काखेला मारली, पदर खोचला. पर्समधून वीस रुपयांची नोट काढून तिने मुलापुढे धरली.

"अहो आजी, तुमच्याकडून कसे घेऊ?"

"घे. पावती फाड."

त्याने फाडली. तिने ती घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, दोरी हाताने वर उचलून वाकून पलीकडे गेली, आणि चिखल चुकवत आपल्या माहेरच्या रस्त्याने चालायला लागली. दोन्ही बाजूंना लावणी झालेली खाचरं हिरवी झाली होती. वळणापर्यंत तिची काळी छत्री दिसत होती.

आम्ही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. आमच्या पुढे सहा गाड्या होत्या. पुढच्या गाडीतलं एक लहान पोर मागच्या काचेतून आमच्याकडे बघून हात हलवत होतं, लेकीनेही हलवला. पंधरा मिनिटांनी गावातून एक पांढरी गाडी आली, मुलाने दोरी खाली सोडली, ती बाहेर गेली, एक आत गेली, दोरी पुन्हा ताणली गेली.

आता आमचा नंबर सहावा होता.